मुकी यादी

खालचा बाण दाबला आणि कानात आवाज आला, "रिकामे."

परत दाबला. "रिकामे."

मला वाटलं हेडफोनची वायर सैल झाली असेल. ती काढून पुन्हा खोचली. फोनवर पलीकडे एक बाई थांबल्या होत्या, त्यांना गुडघ्याच्या डॉक्टरांची वेळ हवी होती. "एक मिनिट हं काकू," म्हणत मी बाण दाबत गेले. रिकामे. रिकामे. रिकामे.

"आपा," मी शेजारच्या खुर्चीकडे झुकून कुजबुजले, "माझ्या स्क्रीनवर डॉक्टरांची नावं आहेत का बघ."

इरफानाआपानं तिचा कॉल थोपवला, वाकून पाहिलं. "आहेत की सगळी. आज तर लई छान दिसायलंय. प्रत्येक नावापुढं फोटो आलाय, निळा पट्टा आलाय. नवीन टाकलंय वाटतं."

सोलापुरातल्या एका मोठ्या ट्रस्टच्या दवाखान्यात मी फोनवर अपॉइंटमेंट द्यायचं काम करत होते, तेव्हाची ही गोष्ट. मला जन्मापासून दिसत नाही. माझ्या कॉम्प्युटरमध्ये स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा एक प्रोग्राम असतो. तो कानात बोलतो आणि मी कीबोर्डवर काम करते. आमच्या कामाचा जीव एका चौकटीत होता. तिच्यावर बाण दाबला की खाली डॉक्टरांच्या नावांची यादी उघडते. सगळे तिला ड्रॉपडाउन म्हणत. पेशंटचं नाव लिहायचं, तक्रार लिहायची, ड्रॉपडाउनमधून डॉक्टर निवडायचा, एंटर मारायचा. पेशंटच्या मोबाइलवर मेसेज जातो. ही यादी मला तोंडपाठ नव्हती, कारण तशी गरजच पडत नव्हती. मी बाण दाबायचे आणि ती एकेक नाव बोलायची. त्या सोमवारी ती मुकी झाली.

आमच्या विभागाचे प्रमुख टोणपे सर. त्यांनी पुण्याच्या कंपनीला फोन जोडून दिला. पलीकडे प्रथमेश वायचळ नावाचा मुलगा होता. आवाजावरून पंचविशीतला, आणि फार झोप न झालेला.

"मॅडम, यादीचं जुनं व्हर्जन कालबाह्य झालं होतं, म्हणून नवीन मोठं व्हर्जन टाकलंय. कीबोर्डवर चालतं. बाण दाबून बघा."

"बाण चालतो. बोलत नाही."

"ते तुमच्या वाचणाऱ्या प्रोग्रामचं काहीतरी असेल."

"शनिवारपर्यंत बोलत होता."

"शनिवारपर्यंत जुनं व्हर्जन होतं."

"मग जुनं परत टाका."

"तसं मागं जाता येत नाही मॅडम. मी नोंद करून घेतो. पुढच्या अपडेटमध्ये नक्की बघू."

"पुढचं अपडेट कधी?"

"पुढच्या महिन्यात असावं."

टोणपे सर ऐकत होते. माणूस वाईट नव्हता. फोन ठेवल्यावर खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले आणि मऊ आवाजात म्हणाले, "महिनाभराचा तर प्रश्न आहे, हर्षदा. तोवर तू खाली स्वागतकक्षात बस. आल्यागेल्याला नमस्कार करायचा. पगाराला काही धक्का नाही."

मी त्याआधी एका ऑफिसात नोकरी केली होती. तिथंही असंच मऊ आवाजात सांगून मला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं होतं. सकाळी येऊन बसायचं, दुपारी डबा खायचा, संध्याकाळी उठायचं. कुणी काम देत नव्हतं आणि कुणी वाईटही बोलत नव्हतं. चहा मात्र वेळेवर हातात आणून द्यायचे. एक वर्ष मी त्या खुर्चीत काढलं. शेवटी शेवटी घरी गेल्यावर आईशी बोलायलासुद्धा तोंड उघडेना. ते कसलं मरण होतं, हे टोणपे सरांना समजावून सांगायला माझ्याकडे शब्द नव्हते.

"दोन दिवस द्या सर," मी म्हटलं. "मी काहीतरी वाट काढते."

त्या दिवशी आपानं मला नावं वाचून दाखवली. पण तिला तिचेही कॉल होते. एकदा दोन्हीकडचं ऐकता ऐकता तिनं भलत्याच पेशंटला भलतीच तारीख सांगितली आणि सरांची बोलणी खाल्ली. दुपारी डबा खाताना ती काही बोलली नाही. मीही नाही. तिच्या पोळीचा घास तुटतानाचा आवाज मला ऐकू येत होता, इतकं शांत होतं.

संध्याकाळी मला वाट सापडली. चौकटीत डॉक्टरांच्या आडनावाची अक्षरं टाइप केली आणि एंटर मारला, तर यादी न बोलता ते नाव उचलत होती. जुन्या यादीतही तशी सोय होती. मी 'वाग' लिहिलं, एंटर मारला. आपानं पाहिलं, "वागळेच आलं." 'इना' लिहिलं, "इनामदार. बरोबर." दहाबारा नावं आम्ही तपासली, सगळी नीट. कुणाचं नाव निवडलं गेलं ते मला ऐकू येत नव्हतं, पण येत होतं बरोबर. सर येऊन खांद्यावर थोपटून गेले. "जमतंय ना? मग झालं." त्या रात्री मी पोटभर जेवले.

मंगळवारी सकाळपासून आपाच्या मदतीशिवाय कॉल घेतले. दुपारच्या आत तो फोन आला.

"हालो, दवाखाना का ओ?"

जड काहीतरी उचलून चालणाऱ्या माणसासारखा आवाज. अर्धं वाक्य बोलून थांबायचं, श्वास घ्यायचा, मग उरलेलं. अक्कलकोट तालुक्यातल्या एका खेड्यातून बोलत होता. आडनाव बिराजदार.

"माझी पोरगी हाय. सात वर्षांची, अंबिका. तिचे ओठ निळे पडतात की ओ. तालुक्याचे डॉक्टर म्हणले, सोलापुरात लहान पोरांच्या हार्टच्या बाई येतात. महिन्यातून एकदाच. त्यांना दाखवा, उशीर करू नका म्हणले."

"अजून काय होतं तिला?"

"पोरांत खेळायला जाती. जरा पळाली की मधेच उकिडवी बसती. गुडघे पोटाशी धरून. शाळेच्या पायऱ्या मी चढवतो उचलून."

त्या बाई म्हणजे डॉक्टर मीनाक्षी कोरे. हैदराबादहून महिन्यातून एका बुधवारी यायच्या आणि दुपारी एकच्या सुमारास परत निघायच्या. उद्याच बुधवार होता. जागा आहे हे मला सकाळीच कळलं होतं. मी नाव लिहिलं, तक्रार लिहिली, 'कोरे' टाइप केलं, एंटर मारला. कानात आलं, "नोंद झाली."

"उद्याची वेळ मिळाली दादा. आत्ता मेसेज येईल, त्यात वेळ आणि जागा लिहिलेली असेल."

"होय की. हा फोन दुकानदाराचा हाय, त्यांच्याकडनं वाचून घेतो. लई उपकार झाले बाई."

संध्याकाळी आमची पाळी संपत आली असताना जुन्या इमारतीतून फोन आला. गावातली जुनी इमारत आमच्यापासून बरीच लांब आहे. तिथं कान-नाक-घशाचे डॉक्टर अनिल टिकोरे बसतात. त्यांची मदतनीस उद्याची यादी काढत होती.

"अहो, एक अंबिका बिराजदार म्हणून नाव आहे. ओठ निळे पडतात, धाप लागते, असं लिहिलंय. ही आमच्याकडं कशी?"

मी तिला पुन्हा विचारलं. मग आपाला म्हटलं, "चौकटीत 'कोरे' टाइप कर आणि काय येतं ते वाच."

आपानं टाइप केलं. मग म्हणाली, "दोन नावं आलीत. वर अनिल टिकोरे. खाली मीनाक्षी कोरे."

जुनी यादी आडनावाच्या सुरुवातीची अक्षरं पाहायची. नवीन यादी नावात कुठंही ती अक्षरं सापडली की ते नाव पुढं करत होती. टिकोऱ्यांच्या पोटात कोरे होते. डोळ्यांना दोन्ही नावं दिसत होती. दिसणारा माणूस खालच्या नावावर जाऊन एंटर मारणार. मी वरच्यावर मारला होता.

दुकानदाराला फोन लावला.

"आत्ताच जीपमध्ये बसवून दिलं की त्यांना," तो म्हणाला. "मेसेज मीच वाचून दाखवला. उद्या पाच वाजता, जुनी इमारत. सकाळी नाही का, असं तो दोनदा विचारत होता. मी म्हटलं, लिहिलंय ना पाच, मग पाचच."

"त्यांच्याकडं फोन आहे?"

"फोन असता तर माझ्या फोनवरनं कशाला बोलला असता, ताई. सोलापुरात मेहुणा हाय त्याचा. विडी घरकुलात कुठंतरी."

विडी घरकुल म्हणजे विडी कामगारांची वसाहत, हजारो घरं. मेहुण्याचं नाव दुकानदाराला माहीत नव्हतं. पाच वाजता ती पोरगी जुन्या इमारतीत आली असती, तेव्हा कोरे मॅडम हैदराबादच्या वाटेवर असत्या. पुढची फेरी एका महिन्यानं. 'उशीर करू नका म्हणले,' हे त्यानं मला दोनदा सांगितलं होतं की एकदाच, मला आठवेना.

मॅडमच्या उद्याच्या जागा तोवर भरल्या होत्या. आपानं त्यांच्या मदतनिसाला फोन केला. तो म्हणाला, "पोरगी समोर असली तर मॅडम नाही म्हणत नाहीत. पण समोर पाहिजे."

टोणपे सरांना सांगितलं. ते म्हणाले, "जुन्या इमारतीच्या वॉचमनला सांगतो. गेटवर नाव पुकारेल तो."

"मी जाते सर."

"तू जाऊन काय करणार?"

"वॉचमननं त्यांचा आवाज ऐकलेला नाही."

"नाव पुकारलं की झालं. तू उगाच धावपळ करू नकोस. जे व्हायचं ते झालंय." आणि थोडं थांबून, "उद्यापासून खालीच बस. माझं ऐक."

बुधवारी सकाळी मी खाली बसले नाही आणि वरही गेले नाही. रिक्षा करून थेट जुन्या इमारतीला गेले. खेड्यातून आलेला माणूस पाचची वेळ असली तरी पाचला येत नाही, सकाळीच येऊन बसतो, एवढाच माझा आधार होता. तोही खरा ठरेल याची खात्री नव्हती. मेहुण्यानं 'जेवून जा' म्हटलं असेल, तर सगळं संपलं होतं.

वॉचमन चनबसप्पामामा अधूनमधून "अंबिका बिराजदार" असं पुकारत होते, रोजच्यासारखं, कुणी ओ देईल अशी अपेक्षा न ठेवता. मी गेटच्या खांबाला पाठ लावून उभी राहिले. जाणाऱ्या प्रत्येक माणसाची चार वाक्यं कानावर यावीत म्हणून कुणालाही काहीही विचारत होते. "दादा, कुठनं आलात?" "काका, अक्कलकोटकडचे का?" काहीजण उत्तर देत, काहीजण वळसा घालून जात. बायका मुलांना घेऊन जायच्या तेव्हा मी "अंबिका" म्हणून पाहायचे. एक अंबिका सापडलीसुद्धा, ती साठीची होती.

मग कुणीतरी माझा दंड धरला. "चला, मी नेतो," म्हणत एका भल्या गृहस्थानं मला चालवायला सुरुवात केली. "अहो, मला कुठं जायचं नाही," मी म्हणत होते. "लाजू नका, ताई," तो म्हणाला. त्यानं हॉर्नमधून वाट काढत मला रस्त्यापलीकडे नेलं, समाधानानं हात सोडला आणि गेला. मी पलीकडच्या फुटपाथवर उभी. इकडं कुठल्या दुकानासमोर आहे ते कळेना. गेट कुठल्या दिशेला राहिलं तेही कळेना. तेवढ्या वेळात बिराजदार गेटातून आत जाऊन कुठल्याशा कोपऱ्यात पोरीला घेऊन बसला असेल, या विचारानं मी येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारायला लागले. मला परत न्यायला दुसरा माणूस मिळेपर्यंत किती वेळ गेला असेल कोण जाणे.

आपाचा फोन आला. "मॅडमचे चारच पेशंट उरलेत. सापडला का?"

"नाही."

थोड्या वेळानं पुन्हा. "दोन उरलेत, हर्षू."

मी खांबाला डोकं टेकलं. आणि तिथं माझ्या लक्षात आलं की इतका वेळ मी पोरीचा विचारच करत नव्हते. मी स्वागतकक्षातल्या खुर्चीचा विचार करत होते. तो माणूस सापडला तर मला ती चुकवता येईल, नाही सापडला तर तीच माझी शिक्षा, आणि ती रास्तच म्हणायची. एका पोरीचे ओठ निळे पडत होते आणि मी माझी जागा शोधत उभी होते. मला रडू आलं. चनबसप्पामामांनी पाण्याची बाटली पुढं केली. मी घेतली नाही. रडण्याचा आवाज माझ्याच कानात भरत होता आणि मला बाहेरचं ऐकायचं होतं. तोंडात पदर कोंबला.

तेव्हा डावीकडून, चहाच्या गाडीच्या बाजूनं आवाज आला.

"गार नको ओ. कोमट पाणी दे की... पोरीला."

मी काठी टेकत तिकडं चालायला लागले. मधे एका स्कूटरला धडकले, कुणीतरी शिवी दिली. "बिराजदार," मी म्हटलं. "अंबिकाचे वडील."

गाडीवरचं बोलणं थांबलं.

"कोण म्हणायचं?"

"मी फोनवरची. दवाखान्यातली. तुम्हाला चुकीचा मेसेज आलाय. तुमचे डॉक्टर इथं नाहीत, मोठ्या दवाखान्यात आहेत, आणि आत्ता निघतील. चला माझ्याबरोबर."

मग दुसरा एक आवाज, बहुतेक मेहुण्याचा, खालच्या पट्टीत म्हणाला, "भावजी, हिला तर दिसत नाही. कुठं नेती काय माहीत. दवाखान्याच्या दारात असले लई फिरतात."

"लिहिलेलं पाचला हाय की ओ, बाई," बिराजदार म्हणाला. "जुनी इमारत. दुकानदारानं वाचलंय."

त्याची काही चूक नव्हती. रडून सुजलेल्या तोंडाची, हातात पांढरी काठी घेतलेली अनोळखी बाई एकीकडे, आणि लिहिलेला मेसेज एकीकडे. माझ्याजवळ ओळखपत्र होतं, ते कुणी वाचून दाखवायचं?

"काल तुम्ही मला सांगितलंत," मी म्हटलं. "पोरांत खेळताना ती मधेच उकिडवी बसते. गुडघे पोटाशी धरून. शाळेच्या पायऱ्या तुम्ही उचलून चढवता. म्हणालात, उशीर करू नका म्हणून तालुक्याच्या डॉक्टरांनी सांगितलंय. हे मी कुणाकडून ऐकलं असेल?"

कप गाडीवर ठेवल्याचा आवाज आला.

रिक्षात पोरगी माझ्या आणि त्याच्या मधे बसली. तिची बोटं गार होती. श्वास भराभर चालला होता, लहान पाखरू हातात धरल्यावर असतं तसा. तिनं माझी काठी चाचपून पाहिली, काही विचारलं नाही. मी आपाला फोन करून एवढंच म्हटलं, "थांबव."

आपानं थांबवलं. आपल्या जागेवरून उठून ती कोरे मॅडमच्या दारात जाऊन उभी राहिली होती. मॅडम पर्स घेऊन बाहेर आल्या तेव्हा ती वाटेतून हटली नाही. काय बोलली ते तिनं मला कधी सांगितलं नाही. आम्ही पोचलो तेव्हा मॅडम खुर्चीत परत बसल्या होत्या.

तपासणी बराच वेळ चालली. बिराजदार बाहेर माझ्याशेजारी बसला होता. मग दार उघडलं आणि मॅडम म्हणाल्या, "हिला महिनाभर थांबता येणार नाही. आजच माझ्याबरोबर हैदराबादला चला. ट्रस्टची अॅम्ब्युलन्स काढा, मी सही करते."

तिचं ऑपरेशन त्याच आठवड्यात झालं. पुढच्या महिन्यातल्या बुधवारी मॅडम आल्या तेव्हा फोनच्या खोलीत येऊन सांगून गेल्या, की पोरगी जिना चढते. पण हे नंतर. त्या दिवशी अॅम्ब्युलन्स गेली आणि टोणपे सर माझ्याजवळ आले.

"फार मोठं काम केलंस," ते म्हणाले. "मी मनापासून सांगतो. पण आता तुलाच पटलं असेल. आज सापडला, उद्या नाही सापडला तर? तू खाली बस. तुझ्याच भल्यासाठी."

"सर, चूक माझ्या डोळ्यांनी केली नाही," मी म्हटलं. "यादी पहिल्यासारखी बोलत असती, तर वरचं नाव कोणतं ते मी ऐकलं असतं."

"हट्ट करू नकोस."

मी वर गेले, माझ्या जागेवर बसले आणि पुण्याला फोन लावला. सर मागोमाग आले, पण त्यांनी फोन काढून घेतला नाही. ते तसं करणारे नव्हतेच.

"मॅडम, तुमची नोंद आहे आमच्याकडं," प्रथमेश म्हणाला. "स्क्रीनचा फोटो पाठवता का? म्हणजे नेमकं..."

"फोटोत सगळं छान दिसेल. तुम्ही ऐका."

मी हेडफोन काढला, रिसीव्हरच्या तोंडाला लावला आणि बाण दाबायला लागले. एकेक. घाई केली नाही. यादीत जितके डॉक्टर होते तितक्या वेळा. खोलीत सगळ्यांनी आपापले कॉल थोपवले असावेत, कारण रिकामे, रिकामे, रिकामे, एवढाच बारीक आवाज मला हेडफोनमधून बाहेर येताना ऐकू येत होता.

"हे... खालपर्यंत असंच आहे?" त्यानं विचारलं.

"खालपर्यंत."

मग मी त्याला अंबिकाचं सांगितलं. कोरे आणि टिकोरे. गेट आणि चहाची गाडी. शेवटी तो म्हणाला, "जुन्या यादीत प्रत्येक नावाला वाचायचा मजकूर आम्ही हातानं जोडला होता. नवीन व्हर्जनमध्ये ती जोडणी गळून गेली. आणि शोधायची पद्धतही बदललीय. मला सगळं दिसत होतं, म्हणून मी तपासलं नाही." थोड्या वेळानं म्हणाला, "फोन चालू ठेवा."

त्याच्याकडून बटणं दाबल्याचे आवाज येत राहिले. एकदा त्यानं कुणालातरी "जेवायला तुम्ही जा" म्हणून सांगितलं. मग म्हणाला, "आता दाबून बघा."

मी हेडफोन कानात घातला. डॉक्टर अनिल टिकोरे, कान-नाक-घसा. डॉक्टर अविनाश वागळे, हाडांचे. मी शेवटच्या नावापर्यंत गेले.

"येतंय?"

"येतंय. पण हे फक्त माझ्या मशीनवर टाकलंत का?"

"हो, तात्पुरतं तुमच्यापुरतं."

"सगळ्यांच्या टाका. दिसणाऱ्यांचीही घाईत चूक होऊ शकते. आणि यापुढं काहीही नवीन टाकण्याआधी मला फोन करायचा. टाकल्यावर नाही."

"करतो," तो म्हणाला.

मी फोन ठेवला. टोणपे सरांच्या चपलांचा आवाज त्यांच्या खोलीकडे गेला, दार लागलं. मला खाली जा म्हणून पुन्हा कधी कुणी सांगितलं नाही.

आपा माझ्याकडे वळली. "अगं, पोरगा जेवला नाही तुझ्यासाठी. थँक्यू तरी म्हणायचंस."

"म्हणाले नाही का मी?"

"नाही."

मी आठवून पाहिलं. मला रस्ता ओलांडून देणाऱ्यांना, दार उघडणाऱ्यांना, चहा हातात देणाऱ्यांना, सगळ्यांना मी न चुकता म्हणत आले होते.

"राहू दे," मी म्हटलं आणि वाजत असलेला फोन उचलला.